लंगर, पडदा आणि आपले ताट

साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकात एका स्वयंपाक्याच्या कारकिर्दीची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मराठी समीक्षेची परिभाषा स्वयंपाकघरातून आलेली आहे. रस, आस्वाद, रुची, अभिरुची हे सारे शब्द मुळात जिभेचे आहेत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना जेवणाचाच दाखला घेतला. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना सुमनस पुरुषाला जसा आस्वाद मिळतो, तसा प्रेक्षकाला नाट्यातून मिळतो, असा त्याचा आशय आहे. हा 'सुमनस' कोण, हे मात्र आमच्या काव्यशास्त्राने कधी विचारले नाही. ज्याला संध्याकाळच्या भाकरीची चिंता नाही, तोच सुमनस होऊ शकतो. भुकेला माणूस आस्वाद घेत नाही, तो जेवतो. दलित साहित्याने आनंदवादी समीक्षेला जो नकार दिला, त्याच्या मुळाशी हा साधा फरक होता. आज कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसून दुसऱ्याने घेतलेला आस्वाद पाहतात. तेव्हा तो आस्वाद कोणाचा, ते ताट कोणाचे आणि रांधणारा हात कोणाचा, हे विचारणे आपले काम ठरते.

यासाठी मी विकास खन्ना यांची कारकीर्द निवडली आहे. ती सामान्य नाही आणि लबाडही नाही. लबाड कारकिर्दीवर लिहिणे सोपे असते. प्रामाणिक माणसाच्या यशातून समाजव्यवस्था कशी बोलते हे पाहणे अवघड, आणि म्हणून अधिक उपयोगाचे असते.

खन्ना यांचा जन्म १९७१ साली अमृतसरला झाला. जन्मतः पाय वाकडे होते. इतर मुलांसारखे धावता येत नव्हते. मुले मैदानात खेळत तेव्हा हा मुलगा आजीजवळ स्वयंपाकघरात बसे. शहरात हरमंदिर साहिब, तिथे लंगर. पोळ्या लाटणारे, डाळ ढवळणारे, भांडी घासणारे असंख्य हात त्यांनी लहानपणीच पाहिले. सतराव्या वर्षी त्यांनी घरच्यांच्या साथीने समारंभांची जेवणे करून देण्याचा व्यवसाय उभा केला. १९९१ साली मणिपालच्या हॉटेल व्यवस्थापनाच्या महाविद्यालयातून पदवी घेतली. पुढे मुंबईत हॉटेलात उमेदवारी करीत असताना १९९२ च्या दंगलीत ते सापडले, आणि एका मुसलमान कुटुंबाने आपलाच मुलगा म्हणून सांगून त्यांना जमावापासून वाचवले. त्या कुटुंबाची आठवण म्हणून ते रमझानमध्ये एक दिवस रोजा धरतात. २००० साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे पडेल ते काम केले, निवाऱ्याविना राहिले, भुकेले राहिले. २०१० च्या अखेरीस 'जुनून' हे उपाहारगृह उघडले आणि २०११ साली त्याला मिशलिन तारा मिळाला. त्याच वर्षी 'मास्टरशेफ इंडिया'च्या दुसऱ्या पर्वात ते परीक्षक म्हणून आले आणि भारतातल्या घराघरांत पोहोचले. २०१९ साली वाराणसीच्या विधवांवरचा 'द लास्ट कलर' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. २०२४ साली न्यूयॉर्कमध्ये 'बंगलो' सुरू झाले.

या आयुष्यात कष्ट आहेत, अपमान आहे आणि कृतज्ञताही आहे. वाचवणाऱ्या माणसांचे ऋण एका दिवसाच्या उपवासाने फेडत राहणारा माणूस मला तरी आदरणीय वाटतो. माझे म्हणणे त्या माणसाबद्दल नाही. ही कारकीर्द भारतीय अन्नाविषयी जी गोष्ट सांगते आणि लोक ती ज्या समाधानाने ऐकतात, त्याबद्दल आहे.

या गोष्टीचा गाभा २०२० साली एका मुलाखतीत उघड झाला. बीबीसीवरील मुलाखतकाराने असे सुचवले की, तुम्ही भारतातल्या गरिबीतून वर आलात, म्हणून तुम्हाला भुकेची जाण असणार. खन्ना यांनी ते तिथल्या तिथे नाकारले. भुकेची जाण मला भारतातून आली नाही, अमृतसरात लंगर आहे, तिथे सारे शहर जेवू शकते. भूक मला न्यूयॉर्कने शिकवली, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर देशभर गाजले. लोकांनी ते एकमेकांना पाठवले, माना डोलावल्या. गोऱ्या जगाच्या अहंकाराला एका भारतीयाने चोख उत्तर दिले, असे सर्वांना वाटले.

मलाही त्या उत्तरातला स्वाभिमान आवडला. पूर्वेकडचा माणूस म्हटला की तो उपाशीच असणार, हा पाश्चात्त्य समज मोडायलाच हवा होता. परंतु एका माणसाचे खरे उत्तर जेव्हा सगळ्या देशाचे उत्तर होते, तेव्हा ते तपासावे लागते. खन्ना यांना अमृतसरात भूक भेटली नाही, हे खरे. त्यावरून भारतात भूक नाही असे त्यांनी म्हटले नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांनी मात्र तेच ऐकले.

ज्या भाषेत मी लिहितो त्या भाषेत भुकेचे दप्तर मोठे आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' १९८४ साली. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीच्या उपासमारीविषयी लिहिले. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या १९९७ च्या आत्मकथनाचे नावच 'जूठन' आहे. या पुस्तकांतली भूक न्यूयॉर्कमधल्या भुकेसारखी नाही. परक्या शहरात खिसा रिकामा झाल्यावर लागणारी भूक कष्टाने आणि नशिबाने संपू शकते. आपल्या पुस्तकांतली भूक गावाच्या रचनेतच बसवलेली होती. गावाची सारी कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार हाक देऊन भाकरी मागायची; ती मिळणार, पण शिळी मिळणार, वरून टाकलेली मिळणार. तिला नाव हक्काचे आणि रीत भिकेची. ही भूक अन्नाच्या टंचाईतून आलेली नव्हती. कणगी भरलेली असतानाही ती होती.

मग लंगरचे काय? लंगर ही भारतीय समाजातली एक मोठी घटना आहे, याबद्दल दुमत नाही. राजा आणि रंक एका पंगतीत, जमिनीवर, एकाच पातेल्यातले अन्न खातात, हे जातिव्यवस्थेच्या मर्मावर केलेले आघात आहेत. बाबासाहेब धर्मांतराचा विचार करीत असताना १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते, ते उगाच नव्हे. मुंबईत माटुंग्याला १९३७ साली उभे राहिलेले खालसा महाविद्यालय हे त्याच काळातल्या संबंधांचे स्मारक आहे.

पण लंगरलाही इतिहास आहे, आणि तो गोड नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी, अस्पृश्य मानलेल्या जातींतून शीख झालेले लोक कडाहप्रसाद घेऊन याच हरमंदिर साहिबात गेले, तेव्हा तेथील पुजाऱ्यांनी तो प्रसाद स्वीकारायला नकार दिला. अखेर ग्रंथसाहिबाचा कौल घेण्यात आला. तो या लोकांच्या बाजूने निघाला. अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले आणि गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीला त्या दिवसाने जोर दिला. म्हणजे ज्या पंगतीत लहानपणी खन्ना बसले, तिथपर्यंत आपल्या हातचे अन्न नेण्यासाठी काही लोकांना झगडावे लागले होते. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के आहे. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा ते अधिक आहे. यांतले बहुतेक भूमिहीन आहेत. लंगरच्या गव्हामागे त्यांचे कष्ट आहेत, आणि तरीही अनेक गावांत त्यांचे गुरुद्वारे वेगळे आहेत. लंगर हा समतेचा वारसा आहे असे म्हणताना, तो लढून राखावा लागला आणि अजून पुरता मिळालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पडद्यावरच्या गोष्टीत पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

खन्ना यांनी २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून 'फीड इंडिया' ही मोहीम सुरू केली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या मदतीने शिधा आणि तयार जेवण लाखो लोकांपर्यंत पोहोचले. अनाथाश्रम, वृद्धाश्रम, कुष्ठरोग्यांच्या वसाहती अशा विसरलेल्या ठिकाणी ते गेले. हे काम करायला सरकारे कमी पडत होती, तेव्हा एका माणसाने ते केले, याची नोंद आदराने केली पाहिजे. पण त्याच काळात, ८ मे २०२० रोजी पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याहून ते पायी मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. ती छायाचित्रे माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जाणार नाहीत. त्या माणसांजवळ अन्न होते, हे ध्यानात घ्या. त्यांच्याजवळ गाडी नव्हती, मजुरी नव्हती, आणि थांबा म्हणणारे कोणी नव्हते. अशा मरणाला अन्नछत्र हे उत्तर होऊ शकत नाही. २०१३ साली संसदेने अन्नसुरक्षेचा कायदा केला तेव्हा अन्न हा दानाचा विषय राहिला नाही, तो हक्काचा झाला. दात्याचे कौतुक करताना हक्काचा विसर पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या समाजाने दातृत्वाखाली पिढ्यान्‌पिढ्या मान वाकवली आहे. त्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

आता २०१५ या वर्षाकडे वळू. या एका वर्षात चार गोष्टी घडल्या. त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे घडल्या, पण एकत्र वाचल्या की अर्थ स्पष्ट होतो. जानेवारीत 'मास्टरशेफ इंडिया'चे चौथे पर्व सुरू झाले. संजीव कपूर, रणवीर ब्रार आणि विकास खन्ना परीक्षक होते, आणि ते पर्व संपूर्णपणे शाकाहारी होते. पुढच्या काही आठवड्यांत महाराष्ट्राच्या प्राणिरक्षण कायद्यातील दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांची कत्तलही गुन्हा ठरली. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान येथे खन्ना यांच्या 'उत्सव' या भारतीय सणांच्या पाककृतींवरील सुमारे १२०० पानांच्या भव्य ग्रंथाचे प्रकाशन झाले. आणि याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' औरंगाबादहून निघाले.

शाकाहारी पर्वाबद्दल कोणी म्हणेल की, तो धंद्याचा हिशेब होता. असेल. पण तो हिशेब कोणाचे घर मोजून केला? केंद्राच्याच २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ७० टक्के लोकांनी आपण मांसाहारी असल्याचे सांगितले आहे. म्हणजे बहुसंख्यांचे ताट बाजूला सारून अल्पसंख्यांचे ताट 'भारतीय' म्हणून पडद्यावर मांडले गेले. कायद्याने ज्या ताटाला गुन्हेगार केले, ते ताट पडद्यावर मुळात नव्हतेच. त्यामुळे ते गेल्याचे कोणाला कळलेही नाही. पुढे मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. नागरिकाच्या घरात काय शिजते यात शासनाने डोकावू नये, हे न्यायालयाला सांगावे लागले. पाककलेच्या कार्यक्रमांना ते सांगावेसे वाटले नाही.

पाटोळे यांच्या पुस्तकाची आणि 'उत्सव'ची तुलना आकाराने करता येणार नाही. एक सोन्यारुप्याच्या पंगतीतले, दुसरे गोणपाटावरचे. पण वाङ्‌मयीन दृष्टीने दुसरे मला अधिक मोठे वाटते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा राखून ठेवल्या जात, रक्ती कशी होई, तेल नसताना कालवण कसे होई, याची नोंद त्यात आहे. आणि हे अन्न धर्मग्रंथांच्या उतरंडीत कुठे बसवले गेले याचा जाबही आहे. शीर्षकातच एका घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला प्रतिप्रश्न आहे. १९७० सालच्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी मध्यमवर्गीय स्त्रीला चमचा-वाटीचे माप दिले. पाटोळे यांच्याकडे माप नाही, कारण त्या घरांत जिन्नस मोजून घेण्याइतका कधी नव्हताच. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून, हे ताट भारतीय नाही काय, असा प्रश्न विचारला होता. 'भारतीय पाकसंस्कृती' या शब्दाला तो प्रश्न अजून चिकटलेला आहे.

माझ्या वर्गातला अनुभव सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि माझ्यासमोर बसणारी बरीच मुलेही तशीच आहेत. एकदा मी प्रथम वर्षाला 'आमच्या घरचे जेवण' हा निबंधाचा विषय दिला. अठ्ठेचाळीस वह्या आल्या. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या घरी वरण, भात, पोळी, पालेभाजी, कोशिंबीर आणि सणाला पुरणपोळी. यांतली कित्येक मुले कोणत्या वस्तीतून येतात हे मला ठाऊक होते. एका मुलीने मात्र सुक्या बोंबलाची चटणी, वजडी आणि जोंधळ्याच्या कण्या लिहिल्या होत्या आणि खाली पेन्सिलने लिहिले होते : 'सर, हे वर्गात वाचू नका.' ही मुले खोटे बोलत नव्हती. जेवण म्हणून जे लिहिण्याच्या लायकीचे असते, ते त्यांनी लिहिले. ती लायकी त्यांना पाठ्यपुस्तकाने शिकवली, मासिकांनी शिकवली, आणि गेल्या काही वर्षांत पडद्याने शिकवली. पडद्यावर प्रत्येक स्पर्धक आजीची पाककृती अभिमानाने सांगतो. माझ्या विद्यार्थिनीलाही आजी आहे. तिच्या आजीची पाककृती पेन्सिलने लिहावी लागते.

पडद्याच्या बाजूने बोलायचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिथे परीक्षक समोरच्या माणसाच्या हातचे निमूट खातो. जात विचारत नाही, सोवळे विचारत नाही. ज्या देशात हातच्या पाण्यावरून माणसाची किंमत ठरली, तिथे रोज रात्री लाखो घरांना हे दृश्य दिसावे, ही क्षुल्लक गोष्ट नाही. परंतु हे दृश्य बाहेरच्या जगाशी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आदेश दिला की, शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. २०१७ साली पुण्यात जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून एका स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत फिर्याद गेली. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने रांधलेले अन्न खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिला कामावरून काढण्यात आले. ओरड झाल्यावर परत घेतले. ही बाईदेखील स्वयंपाकीच आहे. तिला तारा नको, तिच्या हातचा भात मुलांनी खावा एवढेच पाहिजे. पाककलेच्या एवढ्या गजरात तिच्याबद्दल एक वाक्य येत नाही, तेव्हा जात न विचारणारा पडदा जात लपवणाराही ठरतो.

यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतील, मग चान्या आणि रक्तीही मास्टरशेफच्या ताटात आणा. मला ही मागणी पटत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या तुकड्यांची आशा सोडायला सांगितले. लोकांनी ते सोडले. भुकेले राहून सोडले, कारण त्या अन्नाला लाचारी चिकटलेली होती. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनीच गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या पातळीवर उलगडला. म्हणजे आपली परंपरा दुहेरी आहे : जे अन्न गुलामीने ताटात टाकले ते आपण स्वतः नाकारले, आणि जे खाल्ल्याबद्दल आपल्याला हीन ठरवले त्याची मीमांसाही केली. आपण सोडले ते स्वाभिमानाने. कोणाच्या बंदीने नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही, तो आपल्या अन्नाला एकतर गुन्हा समजेल, नाहीतर गंमत. चिनी मातीच्या रुंद बशीत मध्यभागी चिमूटभर रक्ती आणि वर एक पान, असे तिचे सौंदर्यीकरण झाले तर आपले काही भले होणार नाही. साहित्यात आपण ते पाहिले आहे. दलित कविता अभ्यासक्रमात आली आणि तिच्या प्रश्नाऐवजी तिच्या प्रतिमांची चर्चा सुरू झाली.

विकास खन्ना यांनी २०१८ साली मणिपालला पाककलेचे संग्रहालय उभारले. देशाच्या कानाकोपऱ्यातून जमवलेली हजारो भांडी तिथे आहेत. कल्पना चांगली आहे, कारण भांडे हा इतिहासाचा पुरावा असतो. मात्र भारतीय भांड्यांचा इतिहास पुरता सांगायचा तर गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर खुंटीला अडकवलेली फुटक्या कानाची कपबशी त्यात हवी. ती कोणी धुवायची आणि कोणी तिला हात लावायचा नाही, हेही शेजारी लिहिलेले हवे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेशाचा उल्लेख का करावा लागला, याचे उत्तर त्या कपबशीत आहे.

या कारकिर्दीचे मूल्यमापन मी असे करतो. वाकड्या पायांचा एक मुलगा चुलीजवळ बसून जगभर गेला, हे त्याचे कर्तृत्व. त्याने आपल्या शहराच्या पंगतीचे ऋण विसरले नाही, ही त्याची माणुसकी. परंतु त्या पंगतीच्या बाहेर उभे राहिलेल्यांचा इतिहास त्याच्या गोष्टीत नाही, आणि तो नसल्यामुळेच ती गोष्ट या देशाला इतकी गोड लागते. ही उणीव एकट्या खन्ना यांनी भरून काढावी अशी अपेक्षा मी करीत नाही. ते काम आपल्या लेखकांचे आहे, आणि शिक्षकांचे आहे. आपल्या आजीने काय रांधले, कशात रांधले, ते कोठून आले आणि कोणी देताना काय म्हटले, हे ज्याच्या घरात सांगणारे माणूस अजून आहे, त्याने ते या वर्षीच लिहून घ्यावे. आणि ते शाईने लिहावे.